टॉर्चचा एकच उजेड बिघडतो तेव्हा



शेतीच्या अवजारांची यादी करायला सांगितली तर आपण नांगर, कुळव, कोयता, खुरपे अशी नावे घेऊ. टॉर्चचे नाव कोणी घेणार नाही. पण मोटारीची वीज रात्री येते आणि उसाला पाणी पाजायला रात्रीच जावे लागते. भाताच्या खळ्यावर राखण असते. गाभण म्हशीला कळा सुरू झाल्या की मध्यरात्री गोठ्यात जावे लागते. खानापूरच्या रानाकडील गावांत तर गवा आणि रानडुक्कर पिकात उतरले आहेत का, हे अंधारातच पाहायचे असते. अशा वेळी हातातली टॉर्च हेच आपले पहिले अवजार होय.

जुन्या काचेच्या बल्बाची टॉर्च बिघडली की सरळ बंद पडे. बिघाड घरातच कळे. आताच्या एलईडी टॉर्चला मंद, मधला आणि मोठा असे दोन-तीन उजेड असतात, आणि पुष्कळदा त्यांतला एकच बिघडतो. घरातून निघताना बटण दाबले, मंद उजेड लागला, की मनुष्य समाधानाने बाहेर पडतो. बांधावर पोचून मोठा उजेड लावू पाहतो, तो टॉर्च मिचमिच करते आणि विझते. अर्धी चालू असलेली टॉर्च ही पूर्ण बंद पडलेल्या टॉर्चपेक्षा जास्त धोक्याची आहे, कारण ती आपल्याला फसवते.

हा धोका लहान नाही. सन २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे सर्पदंशाने मरण पावली असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,००० माणसे. त्यांतील निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत झाले, आणि बहुतेक खेड्यापाड्यांतले होते. चांगल्या टॉर्चने सर्व दंश टळतील असे नाही. पण पाऊल कोठे पडते ते दिसले तर पुष्कळ टळतील.

म्हणून या लेखात आम्ही एकाच गोष्टीचा विचार करणार आहोत : टॉर्चचा एक उजेड चालतो आणि दुसरा चालत नाही, तेव्हा दोष कोठे असतो आणि तो घरच्या घरी कसा शोधावा. आपल्या भागात टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि आत घालायच्या वस्तूलाही बॅटरी म्हणतात. घोटाळा होऊ नये म्हणून येथे हातात धरायची ती टॉर्च आणि आत घालायचा तो सेल, असे शब्द आम्ही वापरले आहेत.

१. उजेड कमी-जास्त कसा होतो?

टॉर्चमध्ये चार भाग असतात : सेल, बटण, सर्किटची लहान चकती आणि एलईडी दिवा. सेलमधून निघालेला प्रवाह बटण आणि चकती यांतून दिव्याकडे जातो आणि टॉर्चच्या अंगातून किंवा तारेतून सेलकडे परत येतो. या वाटेवर कोठेही अडथळा आला की उजेडावर परिणाम होतो.

पांढऱ्या एलईडी दिव्याला पेटण्यासाठी सुमारे ३ व्होल्ट दाब लागतो. जुना बल्ब दाब कमी झाला की हळूहळू पिवळा, मग तांबडा होत जाई. एलईडीचे तसे नाही. दाब ३ व्होल्टच्या जवळपास आला की थोड्याशा फरकानेही त्याचा प्रवाह झपाट्याने घटतो. म्हणून या दिव्याला दाबाचा थोडा तुटवडाही सोसत नाही.

उजेड मंद करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली रीत साध्या, स्वस्त टॉर्चमध्ये असते. मंद उजेडाच्या वाटेवर एक रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला अडवणारा लहान तुकडा, बसवलेला असतो. मोठ्या उजेडाला ती वाट सोडून प्रवाह मोकळ्या वाटेने जातो. दुसऱ्या रीतीत चकतीवरील चिप दिवा सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा लावते आणि विझवते. लावलेला वेळ कमी आणि विझवलेला वेळ जास्त ठेवला की डोळ्यांना उजेड मंद वाटतो.

आपली टॉर्च कोणत्या रीतीची आहे ते ओळखणे सोपे आहे. अंधाऱ्या खोलीत मंद उजेड लावावा आणि त्यापुढे एखादी काडी जोराने हलवावी. काडी सलग पुसट दिसली तर बहुधा पहिली रीत. एका काडीच्या जागी तुटक तुटक अनेक काड्या दिसल्या तर दुसरी. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यासही दुसऱ्या रीतीच्या उजेडात आडवे पट्टे दिसतात. लावण्या-विझवण्याचा वेग फार जास्त असेल तर मात्र काडीने तो कळत नाही.

२. मंद चालतो, मोठा चालत नाही, असे का?

हे समजण्यासाठी एक लहानसा हिशेब करू. वाटेवर कोठे तरी गंज किंवा मळ बसला आहे आणि त्याचा अडथळा ०.७ ओहम आहे असे धरा. मोठ्या उजेडाला १ अँपिअर प्रवाह लागतो. प्रवाह गुणिले अडथळा म्हणजे वाया गेलेला दाब. १ गुणिले ०.७ म्हणजे ०.७ व्होल्ट वाटेतच गेले. सेलचा दाब ३.७ व्होल्ट असेल तर दिव्यापर्यंत फक्त ३ व्होल्ट पोचले. तेवढ्यावर मोठा उजेड पडत नाही.

आता मंद उजेड घ्या. त्याला ०.०५ अँपिअर पुरतो. ०.०५ गुणिले ०.७ म्हणजे ०.०३५ व्होल्ट. एवढी घट दिव्याला जाणवतही नाही. म्हणून मंद उजेड पूर्वीसारखाच लागतो.

पाटाचे उदाहरण घ्यावे. पाटात थोडे गवत आणि गाळ साचला असेल तर बारीक धार त्यातून सहज जाते. पण मोटार पूर्ण सोडली की पाणी तेथेच तुंबते आणि शेवटच्या सरीला पोचत नाही. दोष मोटारीत नसतो, पाटात असतो. आणि तो कळतो केवळ मोठ्या पाण्यालाच.

दुसऱ्या रीतीच्या टॉर्चमध्ये हिशेब थोडा वेगळा आहे. तेथे मंद उजेडातही दिवा लागण्याच्या प्रत्येक क्षणी प्रवाह मोठाच असतो, त्यामुळे अडथळ्याने सर्वच उजेड थोडे घटतात. परंतु मंद उजेडातली घट डोळ्यांना कळत नाही, आणि सेलला मध्ये मध्ये विसावा मिळतो. मोठ्या उजेडात विसावा नसतो, म्हणून दोष तेथेच उघडा पडतो.

यावरून एक नियम निघतो, तो ध्यानात ठेवावा. मोठा उजेड गेला आणि मंद राहिला, तर दोष बहुधा सेलमध्ये किंवा वाटेवरील जोडांत असतो. दिवा चांगलाच असतो. मंद गेला आणि मोठा राहिला, तर दोष बहुधा बटणात किंवा चकतीत असतो. सेल चांगला असतो.

३. आधी पाहा, बिघाड आहे का?

काही गोष्टी बिघाडासारख्या दिसतात, पण त्या टॉर्चच्या बनावटीतच असतात.

(अ) मोठा उजेड लावल्यावर काही मिनिटांनी टॉर्चचे डोके गरम होते आणि उजेड आपोआप एक पायरी उतरतो. चांगल्या टॉर्चमध्ये दिवा जळू नये म्हणून ही सोय केलेली असते. टॉर्च थंड झाल्यावर मोठा उजेड पुन्हा पूर्वीसारखा लागला, तर बिघाड नाही.

(आ) सेल उतरत आला की काही टॉर्च मोठा उजेड नाकारतात किंवा दोन-तीन वेळा मिचकावून इशारा देतात. सेल चार्ज करावा.

(इ) काही टॉर्चचे बटण पूर्ण दाबून चालू करायचे असते आणि उजेड बदलायला अर्धवट दाबायचे असते. दर वेळी पूर्ण दाबले तर उजेड बदलत नाही. घरातील दुसऱ्या कोणी टॉर्च वापरली की ही तक्रार हमखास येते.

४. तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी सोप्याकडून अवघडाकडे करावी. सेल, जोड, बटण, चकती हा क्रम सोडू नये. पहिल्याच फटक्यात टॉर्च खोलून चकती उपसणाऱ्याच्या हातून चांगली टॉर्च बिघडते. तपासणीपूर्वी टॉर्च चार्जिंगच्या वायरीतून काढावी आणि स्वच्छ कापडावर, दिवसाच्या उजेडात बसावे.

पहिली पायरी : सेल बदलून पाहणे. चालू असलेल्या दुसऱ्या टॉर्चमधला तसाच सेल घालावा. मोठा उजेड लागला तर दोष सापडला, पुढे जाण्याचे कारण नाही. बोटाएवढे तीन सेल असतील तर तिन्ही एकदम बदलावेत. जुने-नवे मिसळू नयेत. तिघांतला एक जरी दमलेला असला तरी तिघांचीही वाट तोच अडवतो, आणि बहुधा तोच फुटून पाझरतो. तसेच चार्ज होणारे लहान सेल १.२ व्होल्टचे असतात आणि साधे १.५ व्होल्टचे. साध्या तिघांचे ४.५ व्होल्ट होतात. चार्ज होणाऱ्या तिघांचे ३.६ व्होल्टच. त्यामुळे काही टॉर्चमध्ये चार्ज होणाऱ्या सेलवर मोठा उजेड फिका पडतो. तो बिघाड नव्हे.

एक जाडा लिथियम सेल असेल तर तो बहुधा १८६५० या मापाचा असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. पूर्ण चार्ज झाल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट असतो. मल्टीमीटरवर ३.५ च्या खाली दिसला तर तो जवळजवळ रिकामा समजावा. येथे एक फसगत सांभाळावी. म्हातारा झालेला सेल चार्जरवरून काढताच ४.२ व्होल्ट दाखवतो, पण आतून त्याचा अडथळा वाढलेला असतो. मंद उजेडाला तो तासन्‌तास पुरतो. मोठ्या उजेडाला मिनिटभरात बसतो. म्हणजे पोट भरलेले, पण अंगात दम नाही. अशा सेलची परीक्षा मीटरने होत नाही. मोठा उजेड लावूनच होते.

नवा सेल घेताना त्यावर छापलेल्या आकड्याला भुलू नये. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साधारण २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. वेष्टनावर आठ-नऊ हजार छापले असेल तर तो सेल घेऊ नये.

दुसरी पायरी : जोड साफ करणे. सेलची दोन्ही टोके, टॉर्चमधील स्प्रिंग, पितळी टिकल्या आणि झाकणाचे आटे नीट पाहावेत. लोखंडी-पत्र्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये परतीचा प्रवाह टॉर्चच्या अंगातून आणि झाकणाच्या आट्यांतून जातो. तेथे चिखल, तेल किंवा काळा थर असेल तर मोठा उजेड अडतो. आटे कोरड्या सुती कापडाने पुसावेत. टिकल्या आणि सेलची टोके शाळकरी खोडरबराने चमक येईपर्यंत घासावीत आणि चुरा झटकून टाकावा. खरखरीत पॉलिश पेपर वापरू नये. वरचा मुलामा निघून गेला की गंज लवकर चढतो.

साधा सेल पाझरून पांढरी पूड जमली असेल तर ती उघड्या हातांनी खरवडू नये. अल्कलाइन सेलची पूड खारी, कातडीला चावणारी असते. कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन ती पुसावी, मग ओल्या कापडाने पुसून पूर्ण कोरडे होऊ द्यावे. हात धुवावेत आणि हे काम करताना डोळे चोळू नयेत.

स्प्रिंग दबून बसली असेल तर हलक्या हाताने थोडी ओढावी. काही टॉर्चमध्ये झाकणाच्या आत बटण घट्ट धरणारी आट्यांची कडी असते. ती सैल झाली की टॉर्च हलवताना उजेड बदलतो. टोकदार चिमट्याने ती फिरवून घट्ट करावी. पुष्कळ टॉर्च एवढ्यानेच बऱ्या होतात.

तिसरी पायरी : बटण वगळून पाहणे. हे ज्या टॉर्चचे बटण मागच्या झाकणात आहे आणि अंग धातूचे आहे, तिच्यापुरतेच आहे. झाकण काढावे. सेल आत तसाच ठेवावा. सोललेल्या तांब्याच्या तारेचे एक टोक सेलच्या मागच्या, म्हणजे उणे, टोकावर ठेवावे आणि दुसरे टॉर्चच्या अंगाच्या उघड्या धातूच्या कडेला टेकवावे. आता मोठा उजेड पूर्ण लागला तर सेल, चकती आणि दिवा तिन्ही चांगले. दोष झाकणातल्या बटणात. तार सेलच्या दोन टोकांना एकमेकांशी कधीही जोडू नये. लिथियम सेल त्याने क्षणात तापतो आणि पेटही घेऊ शकतो.

बटण थोड्या पैशांत मिळते. जुने बटण बरोबर नेऊन त्याच मापाचे आणावे. सरकत्या बटणाच्या टॉर्चमध्ये एका खाचेला मंद आणि दुसऱ्या खाचेला मोठा उजेड असतो. एकाच खाचेतला पत्रा काळा पडला की तेवढाच उजेड जातो. बटण पंधरा-वीस वेळा पुढे-मागे सरकवून पाहावे. थर साफ होऊन उजेड परत येतो. तो दोन दिवसांत पुन्हा गेला तर मात्र बटण बदलावेच.

चौथी पायरी : चकती. वरील तीन पायऱ्यांनी गुण आला नाही तर चकती किंवा तिचे डाख तपासावे लागतात. हे काम रेडिओ-मोबाइल दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे द्यावे. त्याला फक्त 'टॉर्च बिघडली' असे न सांगता कोणता उजेड जातो, कधी जातो आणि आपण काय काय तपासले, ते सांगावे. निम्मे काम तेथेच होते.

५. लक्षण आणि दोष

(१) मधला आणि मोठा उजेड सारखेच दिसतात : सेलला मधल्याच्या पुढे दम नाही, किंवा वाटेवर अडथळा आहे. पहिली आणि दुसरी पायरी करावी.

(२) मोठा उजेड लावताच टॉर्च मिचमिचते किंवा विझून पुन्हा मंद लागते : दाब एकदम घसरून चिप बंद पडते आणि नव्याने सुरू होते. सेल जुना किंवा जोड सैल.

(३) चालताना उजेड आपोआप बदलतो : अशा टॉर्चमध्ये प्रवाह क्षणभर तुटला की चिप त्याला 'उजेड बदला' अशी आज्ञा समजते. सैल जोडाने प्रवाह तुटतो, आणि आपण बटण दाबले असे टॉर्चला वाटते. चिप शहाणी आहे, जोड वेडा आहे. झाकणाचे आटे, आतली कडी आणि स्प्रिंग पाहावी.

(४) मंद उजेड लागत नाही, मोठा लागतो : साध्या टॉर्चमध्ये मंद वाटेवरचा रेझिस्टर जळला किंवा त्याचा डाख सुटला, सरकत्या बटणाची ती खाच काळी पडली. कारागिराला हे काम थोड्या वेळाचे आहे.

(५) कोणतीही पायरी घ्या, मोठाच उजेड लागतो : चकतीवरचा प्रवाह आवरणारा भाग जळून दोन्ही बाजू एक झाल्या आहेत. अशी टॉर्च चालते म्हणून वापरू नये. तिला सेल वाचवण्याचे भान उरत नाही. सेल तळापर्यंत पिळला जातो आणि दिवाही तापतो. चकती बदलावी.

(६) पुष्कळ लहान दिव्यांच्या टॉर्चमध्ये काही दिवेच लागतात : त्या गटाची तार तुटली किंवा डाख सुटला. सेलचा दोष नाही.

(७) उजेड कायमचा निळसर झाला आणि घटला : दिवा जास्त तापून त्याच्यावरचा पिवळा लेप बिघडला आहे. दिवाच बदलावा लागतो.

६. बाजारातील मोठ्या चार्जिंग टॉर्चविषयी

जत्रेत आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या, भिंतीच्या प्लगला लावून चार्ज करायच्या पुष्कळ टॉर्चमध्ये ४ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी असते. मोटारगाडीच्या बॅटरीचे हे लहान भावंडच होय. ती पूर्ण चार्ज करून दोन-तीन तास ठेवल्यावर ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवते. ही बॅटरी रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर कडक पांढरा थर धरतो आणि ती कायमची अशक्त होते. बाजूचा मंद दिवा लागतो, पुढचा मोठा झोत लागत नाही, हे त्याचे ठळक लक्षण. म्हणून अशी टॉर्च वापरानंतर त्याच दिवशी चार्ज करावी, आणि वापर नसला तरी महिन्यातून एकदा चार्ज करावी.

या टॉर्चबद्दल एक गंभीर इशारा आहे. कित्येक स्वस्त टॉर्चच्या आत घरच्या विजेचा २३० व्होल्टचा प्रवाह थेट चकतीपर्यंत येतो. प्लगला लावलेली असताना ती टॉर्च उघडू नये, ओल्या हाताने धरू नये, लहान मुलांच्या हाती देऊ नये. चार्जिंग चालू असताना ती वापरूही नये.

७. हे करू नये

टॉर्च पाण्यात पडली तर चुलीवर किंवा निखाऱ्याजवळ वाळवू नये. सेल लगेच बाहेर काढावा, सर्व झाकणे उघडावीत आणि सावलीत वाऱ्यावर दोन-तीन दिवस ठेवावे. झाकणाच्या रबरी कडीला सिलिकॉन ग्रीसचे हलके बोट लावावे. त्याने पाणी आत येत नाही. खाद्यतेल लावू नये.

फुगलेला, चेपलेला, वेष्टन फाटलेला किंवा २.५ व्होल्टच्या खाली उतरलेला लिथियम सेल पुन्हा चार्ज करू नये. तो आगीत टाकू नये, उकिरड्यावर टाकू नये, शेतात पुरू नये. आपल्या देशात वाया गेलेल्या बॅटऱ्यांसाठी २०२२ सालापासून वेगळे नियम आहेत. असे सेल गोळा करणाऱ्या केंद्रात किंवा घेत असल्यास दुकानदाराकडे द्यावेत.

मोठा उजेड डोळ्यांवर कधीही मारू नये. दुरुस्ती करताना टॉर्चचे तोंड भिंतीकडे ठेवावे. मुलांना हे आवर्जून शिकवावे.

८. निघण्यापूर्वीची दोन मिनिटे

सर्व दुरुस्तीपेक्षा एक सवय अधिक मोलाची आहे. रात्री शेताकडे निघण्यापूर्वी टॉर्च मोठ्या उजेडावर लावून पूर्ण दोन मिनिटे अंगणात ठेवावी. तेवढ्या वेळात पायताण घालावे, काठी घ्यावी. उजेड घसरला नाही, मिचमिचला नाही, तर टॉर्च हलवून पाहावी. तरीही टिकला तर निघावे. मंद उजेड लागला म्हणजे टॉर्च चांगली असे कधीही समजू नये. मंद उजेड दमलेल्या सेलवरही लागतो.

वाटेने जाताना मधला उजेड पुरतो, आणि सेलही जास्त वेळ टिकतो. मोठा उजेड दूरचे पाहण्यासाठी राखून ठेवावा. शक्य तर खिशात दुसरी लहान टॉर्च असावी. मोबाइलचा दिवा अडीनडीला बरा. पण तो दूर पोचत नाही, आणि संकटात फोन करायला मोबाइलचाच सेल उरला पाहिजे.

उजेडाने साप पळून जातो असा पुष्कळांचा समज आहे, तो खरा नाही. उजेड सापासाठी नसून आपल्यासाठी आहे. म्हणून झोत लांब न मारता पावलापुढे दोन-तीन हातांवर ठेवावा. घोणस आणि मण्यार हे दोन्ही विषारी साप रात्री हिंडतात. मण्यारीच्या दंशाला तर पुष्कळदा वेदनाही होत नाही. दंश झाल्याची नुसती शंका आली तरी घाबरून धावू नये. हात किंवा पाय हलू न देता आधार द्यावा, अंगठ्या-कडी काढून ठेवावीत आणि सर्पविषावरची लस असलेल्या इस्पितळात ताबडतोब न्यावे. जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

थोडक्यात सांगायचे तर :

मोठा उजेड गेला, तर आधी सेल आणि जोड पाहा.
मंद उजेड गेला, तर बटण आणि चकती पाहा.
उजेड आपोआप बदलला, तर सैल जोड शोधा.
सर्व वेळ मोठाच लागला, तर टॉर्च बाजूला ठेवा आणि चकती बदला.
आणि रोज निघण्यापूर्वी दोन मिनिटे मोठ्या उजेडाची कसोटी घ्या.

ही पाच वाक्ये वहीच्या पानावर लिहून टॉर्च टांगतो त्या खुंटीजवळ चिकटवावीत. घरातून रात्री कोणीही बाहेर पडो, मालक असो, मुलगा असो की गडी असो, त्याच्या नजरेस ती पडतील.